पळाली, पण परत आली : लंडनचे तीन पोलिसी घोडे आणि नगरचे रणगाडे

३ जुलै १९४४. दक्षिण लंडनमधील टूटिंग या वस्तीत ओल्गा नावाची एक घोडी गस्तीवर होती. तिच्या पाठीवर जे. ई. थ्वेट्स नावाचे पोलीस शिपाई होते. महायुद्धाचे पाचवे वर्ष सरत आले होते आणि त्या उन्हाळ्यात लंडनवर एक नवेच संकट कोसळत होते : वैमानिकाविना उडणारा, पोटात साडेआठशे किलो स्फोटक घेऊन येणारा जर्मन बॉम्ब. तसा एक बॉम्ब टूटिंगमध्ये पडला. चार घरे जमीनदोस्त झाली आणि एका दुकानी काचेची अखंड तावदानी ओल्गाच्या अगदी पुढ्यात येऊन फुटली.

ओल्गा उधळली. शंभर यार्ड, म्हणजे सुमारे नव्वद मीटर, ती पळत सुटली. मग ती वळली आणि जिथे धूळ अजून खाली बसली नव्हती, त्याच जागी परत आली. पुढे बचावकार्य चालू असताना ती स्वाराला पाठीवर घेऊन तेथेच उभी राहिली. गर्दी आवरणे, वाहने वळवणे, मदत पथकांना वाट करून देणे ही सारी कामे तिच्या पाठीवरून झाली.

जवळजवळ तीन वर्षांनी, ११ एप्रिल १९४७ रोजी, या घोडीला शौर्यपदक मिळाले. वाचकहो, आजचा हा धागा त्या पदकाविषयी आहे. पण केवळ लंडनची कथा सांगून थांबण्याचा माझा विचार नाही. मी हे लिहितो आहे ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात. या शहराला आजही बहुतेक जण नुसते 'नगर' म्हणतात. भारतात घोड्यावरून उतरून रणगाड्यात बसलेल्या सैन्याचे माहेरघर हेच आहे. शिवाय योगायोग असा, की ओल्गा टूटिंगच्या रस्त्यावर उभी होती तेव्हा नगरच्या भुईकोट किल्ल्यात जवाहरलाल नेहरू 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहीत होते. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ हा त्या ग्रंथाच्या लेखनाचा काळ. त्याच तटाच्या आत मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर सदस्य ऑगस्ट १९४२ पासून स्थानबद्ध होते. लंडनमधील सरकार नगरच्या किल्ल्यात भारताचे नेतृत्व डांबून ठेवत होते आणि त्याच वेळी लंडनमधील सामान्य माणूस आभाळाकडे कान लावून बसला होता. एकाच युद्धाच्या या दोन बाजू आपण सहसा एका चौकटीत पाहत नाही.

त्या बॉम्बबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्यावाचून घोड्यांची परीक्षा किती कठीण होती ते कळणार नाही. जर्मन लष्कर त्याला व्ही-१ म्हणे, लंडनकर 'डूडलबग'. लंडनवर पहिला व्ही-१ पडला १३ जून १९४४ रोजी. त्याच्या इंजिनाचा घरघराट दुरून ऐकू येई. आवाज चालू आहे तोवर धोका नाही. आवाज थांबला की काही क्षणांत स्फोट. या बॉम्बांनी ब्रिटनमध्ये सुमारे सहा हजार माणसे मारली. लंडनच्या माणसाला त्या शांततेचा अर्थ पाठ झाला होता. ती सुरू झाली की माणूस टेबलाखाली, जिन्याखाली, भिंतीच्या आडोशाला जाई. घोड्याच्या लेखी मात्र शांतता म्हणजे शांतताच. त्याला मिळणारी पहिली सूचना म्हणजे थेट स्फोट.

आणि घोडा हा निसर्गतः भित्रा प्राणी आहे. यात अपमान काही नाही. ती त्याची जगण्याची रीत आहे. माळरानावर चरणारा, भक्ष्य म्हणून उत्क्रांत झालेला हा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे नाकासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग सोडला तर जवळजवळ सगळे वर्तुळ त्याच्या नजरेत असते. संशय आला की आधी पळायचे आणि मग थांबून काय झाले ते पाहायचे, हा त्याचा लाखो वर्षांचा शहाणपणा. वाघासारखा तो झडप घालत नाही, बैलासारखा शिंगे रोखत नाही. त्याच्याजवळ शस्त्र एकच : वेग. अशा प्राण्याला स्फोटाजवळ स्थिर उभे राहायला सांगणे म्हणजे त्याचे एकमेव शस्त्र काढून घेणे होय.

लंडनच्या महानगर पोलीस दलात हे काम शिकवले जाई ते शहराबाहेरील इंबर कोर्ट येथील प्रशालेत. पहिल्या महायुद्धानंतर ही प्रशाला उभी राहिली. तेथील पद्धत जबरदस्तीची नव्हती, सवयीची होती. प्रथम दूर वाजणारा बँड, मग जवळ वाजणारा. प्रथम एक फडकते निशाण, मग दहा. आरडाओरडा करणारी माणसे, खडखडाट, बंदुकीचे बार, जमिनीवर अंथरलेली अनोळखी वस्तू. प्रत्येक वेळी घोड्याला एकच गोष्ट उमजावी अशी योजना : पाठीवरचा माणूस घाबरलेला नाही, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. घोडा कळपात राहणारा. कळपातला म्होरक्या शांत असेल तर तोही शांत राहतो. पोलिसी घोड्याच्या बाबतीत स्वार हाच त्याचा कळप.

म्हणून ओल्गाचे परत येणे मला न पळण्यापेक्षा मोठे वाटते. ती उधळली, याचा अर्थ भीती तिच्या रक्तात शिल्लक होती. शिकवणुकीने तिचा स्वभाव पुसून टाकला नव्हता. नव्वद मीटरनंतर मात्र त्या स्वभावाहून काहीतरी बलवत्तर ठरले. ते लगामाचे काम की घोडीच्या मनाचे, हा प्रश्न घोडेस्वारी न केलेली माणसे विचारतात. ज्यांनी उधळलेले जनावर कधी आवरले आहे त्यांना ठाऊक असते, की अर्धा टन वजनाच्या प्राण्याला नुसत्या लगामाच्या जोरावर आगीकडे परत नेता येत नाही. पदक देणाऱ्यांनी तिच्या पळण्याचा उल्लेख मानपत्रातून गाळला नाही, ही गोष्ट मला फार आवडते. माणसांच्या शौर्यपत्रांत असा प्रामाणिकपणा विरळा.

तिच्याबरोबर त्याच दिवशी गौरवलेले आणखी दोन घोडे म्हणजे अपस्टार्ट आणि रीगल.

अपस्टार्टचे दैव पाहा. तो मूळचा हाइड पार्कच्या तबेल्यातला. तेथे बॉम्बहल्ल्यात नुकसान झाले म्हणून त्याला पूर्व लंडनला हलवले, आणि तेथल्या तबेल्यालाही बॉम्बचा तडाखा बसला. २२ ऑगस्ट १९४४ रोजी बेथनल ग्रीन भागात तो मॉर्ली नावाच्या इन्स्पेक्टरांना घेऊन गस्त घालत असताना ७५ यार्डांच्या आत व्ही-१ फुटला. घोडा आणि स्वार दोघांवरही काचा आणि राडारोडा यांचा वर्षाव झाला. अपस्टार्ट जागचा हलला नाही. काम संपेपर्यंत तो रहदारी आवरत उभा होता.

रीगलची परीक्षा वेगळी आणि माझ्या मते सर्वांत कठीण. त्याच्या पाठीवर त्या वेळी कोणीच नव्हते. उत्तर लंडनमधील मझवेल हिल येथील तबेल्यात तो बांधलेला होता. एप्रिल १९४१ मध्ये तेथे आग लावणारे बॉम्ब पडले आणि तबेला पेटला. ज्वाळा जवळ आलेल्या असताना तो न बिथरता आपल्या जागी राहिला आणि त्याला बाहेर काढता आले. तीन वर्षांनी, १९४४ च्या जुलैत, त्याच तबेल्याजवळ उडता बॉम्ब पडला. छताचा भाग कोसळला, अंगावर मलबा पडला, किरकोळ जखमाही झाल्या. तेव्हाही तो बेभान झाला नाही. पेटलेल्या तबेल्यात घोडे बिथरले म्हणजे काय होते, ते खेड्यात गोठ्याला आग लागलेली ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. दावे तोडण्याच्या धडपडीत जनावर स्वतःला आणि सोडवायला आलेल्या माणसालाही मारते. बाहेर काढले तरी ते ओळखीच्या गव्हाणीकडे परत धावते. रीगलच्या स्थिर राहण्याने केवळ त्याचा जीव वाचला असे नव्हे.

आता पदकाविषयी. मारिया डिकिन या समाजसेविकेने १९१७ साली लंडनच्या पूर्व भागात, गरिबांच्या जनावरांवर मोफत उपचार व्हावेत म्हणून एक दवाखाना काढला. त्यातूनच पीडीएसए ही संस्था वाढली. १९४३ मध्ये डिकिनबाईंनी युद्धात माणसांच्या बरोबरीने काम करणाऱ्या प्राण्यांसाठी हे पदक स्थापले. कांस्याचे पदक, त्यावर 'शौर्याबद्दल' आणि 'आम्हीही सेवा करतो' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द, फीत हिरवी, तपकिरी आणि फिकट निळी, म्हणजे पाणी, जमीन आणि आकाश. पुढे लोक त्याला 'प्राण्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस' म्हणू लागले. १९४३ ते १९४९ या काळात एकूण ५४ पदके दिली गेली. त्यांची वाटणी मोठी मजेशीर आहे : ३२ कबुतरे, १८ कुत्रे, ३ घोडे आणि १ मांजर. संदेशवहन करणाऱ्या कबुतरांनी बाजी मारली यात नवल नाही. डिसेंबर १९४३ मधली पहिली तिन्ही पदके कबुतरांनाच गेली होती. विसाव्या शतकातील सर्वांत यांत्रिक युद्धात घोड्यांच्या वाट्याला आलेली तिन्ही पदके मात्र रणांगणावरच्या घोड्यांना नव्हे, पोलिसांच्या घोड्यांना मिळाली. जग कुठे जाऊन पोहोचले होते त्याची ही खूण. घोडा आघाडीवरून माघारी आला होता आणि आघाडी मात्र त्याच्या मागोमाग शहरात शिरली होती.

या पदकावर आक्षेपही आहेत आणि ते थट्टेवारी नेण्यासारखे नाहीत. प्राण्याला युद्ध म्हणजे काय ते कळत नाही. तो भरती होत नाही, त्याला भरती केले जाते. मग त्याला 'शूर' म्हणणे म्हणजे माणसाने स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेणे नव्हे काय? शिवाय ज्या ब्रिटनने ही पदके दिली, त्याच ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्ध जाहीर झाल्यावर पहिल्या काही दिवसांत, बॉम्बहल्ले आणि अन्नटंचाई यांच्या धास्तीने लोकांनी आपली लाखो पाळीव कुत्री-मांजरे स्वतः दवाखान्यांत नेऊन मारवली. पदकाच्या कथा सांगणारे हे प्रकरण बहुधा सांगत नाहीत. मला वाटते, दोन्ही एकत्र ठेवूनच पाहायला हवे. आक्षेप अर्धा खरा आहे. घोड्याला हिटलर ठाऊक नव्हता. पण भीती ठाऊक होती आणि पाठीवरचा माणूस ठाऊक होता. या दोहोंच्या ओढाताणीत त्याने दुसऱ्याची निवड केली. माणसाच्या शौर्यातही याहून फार वेगळे काय असते?

आता आपल्या मुलखाकडे येऊ.

नगर जिल्ह्याच्या इतिहासाचा घोड्याशी संबंध निजामशाहीइतकाच जुना आहे. ऑक्टोबर १६२४ मध्ये नगरजवळच्या भातोडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथेच कामी आले. अंबरने भातोडीच्या तलावाचे पाणी सोडून वाटा चिखलमय केल्या आणि शत्रूच्या जड फौजेची कोंडी केली. आपल्या हलक्या, काटक घोड्यांवरची पथके मात्र तो हव्या त्या वेळी पुढे-मागे खेळवत राहिला. पुढे मराठ्यांनी जी गनिमी रीत जगाला दाखवली, तिची एक शाळा या परिसरात भरली होती. भीमेच्या खोऱ्यातल्या या काटक घोड्याला भीमथडी म्हणतात. फार उंच नाही, दिसायला राजबिंडा नाही. पण थोड्या चाऱ्यावर दिवसभर चालणारा. पुणे आणि नगर भागात मेंढरे घेऊन भटकणारे धनगर आजही त्याच्या पाठीवर बिऱ्हाड लादून फिरतात. अलीकडेच राष्ट्रीय पातळीवर त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, ही आनंदाची गोष्ट.

मराठी फौजेत स्वारांचे दोन प्रकार होते हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीला येणारा. शिलेदाराचा मान मोठा, पगार मोठा. आणि जोखीमही मोठी, कारण घोडा हेच त्याचे भांडवल. लढाईत घोडा पडला की शिलेदाराची रोजीरोटी पडली. ११ मार्च १७९५ रोजी याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात खर्ड्याला निजामाविरुद्ध मराठी सरदार एकत्र उभे राहिले, तेव्हा त्या अफाट घोडदळात असे कितीतरी शिलेदार होते. घोडा वाचवून लढणारा शिलेदार पाहून इंग्रज लेखकांनी त्याला भित्रा म्हटले. त्याचा हिशेब त्यांना कळला नाही. ज्याचा घोडा मेला तर घर बसते, तो माणूस घोड्याला तोफेच्या तोंडी देणार नाही. त्याच्या सावधपणात घोड्याबद्दलची माया किती आणि पोटाची काळजी किती, हे वेगळे काढता येत नाही. वेगळे काढू नयेच.

गंमत अशी, की ज्यांनी नावे ठेवली त्यांनीच ही पद्धत उचलली. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या हिंदी घोडदळातील बहुसंख्य पलटणी 'सिल्लादार' पद्धतीने चालत. 'शिलेदार' हा शब्दच तेथे या रूपात पोहोचला. स्वाराने घोड्याची रक्कम भरायची आणि घोडा, सामान यांची जबाबदारी आपली मानायची. पेशवाईच्या अखेरीस १८१७ मध्ये उभारलेली 'पूना हॉर्स' ही पलटणही याच परंपरेतली. पहिल्या महायुद्धाने ही पद्धत मोडली. घोडे इतक्या वेगाने मरू लागले, की स्वाराने नवा घोडा स्वतःच्या खिशातून आणणे अशक्य झाले.

त्या महायुद्धाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. हिंदुस्थानातून परदेशी आघाड्यांवर पाठवलेल्या जनावरांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात जाते : घोडे, खेचरे, उंट, बैल. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणक्षेत्रावर 'हाय वुड' नावाच्या जंगलाजवळ '२० वी डेक्कन हॉर्स' ही पलटण ब्रिटिश घोडदळाच्या बरोबरीने भाले पुढे करून उभ्या पिकातून दौडत गेली. भाल्याने टिपलेले काही जर्मन सैनिक, मागे पडलेले काही घोडे. आणि अंधार पडल्यावर मिळवलेल्या जागेला चिकटून राहिलेले, पायउतार झालेले स्वार. दोन महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, याच भागात जगाच्या इतिहासात पहिल्यांदा रणगाडे लढाईत उतरले आणि त्यांतले काही त्याच हाय वुडवर चालून गेले. दख्खनचे नाव लावणाऱ्या पलटणीचे घोडे ज्या मातीवर दौडले, त्याच मातीवर दोन महिन्यांत घोड्याचा वारस अवतरला. इतिहास क्वचितच इतका उघड बोलतो.

त्या लाखो जनावरांचे पुढे काय झाले? ऑस्ट्रेलियाने परदेशी धाडलेल्या सव्वा लाखाहून अधिक घोड्यांपैकी सँडी नावाचा एकच घोडा मायदेशी परतला. इजिप्त-पॅलेस्टाइन आघाडीवरचे हजारो घोडे युद्ध संपल्यावर तेथेच विकले गेले. १९३० मध्ये डोरोथी ब्रुक नावाची बाई कैरोला गेली, तेव्हा तिला ते गाड्यांना जुंपलेले, आंधळे, लंगडे झालेले आढळले. अंगावर सैन्याची डागलेली खूण तेवढी शाबूत. तिने वर्गणी जमवली आणि असे सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. बहुतेकांना वेदनारहित मरण देण्यापलीकडे तिला काही करता आले नाही. या घोड्यांपैकी कोणाला पदक मिळाले नाही. ओल्गाच्या पदकाकडे पाहताना मला कैरोचे ते घोडे आठवतात.

हिंदी सैन्यात १९३८ पासून पलटणींनी घोडे परत करून चिलखती गाड्या घ्यायला सुरुवात केली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत हा बदल बहुतेक पुरा झाला. वर्षानुवर्षे ज्याची खरारा करून पाठ थोपटली, ते जनावर एके दिवशी सकाळी रांगेतून निघून जायचे आणि त्याच्या जागी तेलाचा वास येणारे लोखंड उभे राहायचे. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये नगरला चिलखती दलाचे केंद्र आणि प्रशाला एकत्र आली. तेव्हापासून भारतीय रणगाडा दलातील जवानाचे शिक्षण या गावाच्या माळावर होते. १९९४ मध्ये येथेच रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. तरुण मित्रांनो, नगरला गेलात आणि किल्ला पाहून परत आलात तर तुमची फेरी अर्धीच झाली असे समजा. संग्रहालयाचे नाव लक्षपूर्वक वाचा : 'कॅव्हलरी टँक म्युझियम'. घोडदळाचे रणगाडा-संग्रहालय! पहिल्या महायुद्धकाळातील चिलखती मोटारीपासून चर्चिल, व्हॅलेंटाइन आणि १९६५ च्या पाकिस्तानी पॅटनपर्यंत लोखंडाची रांग लागलेली आहे, आणि नावात मात्र घोडा टिकून आहे.

पलटणींची नावेही तशीच राहिली. हाय वुडला भाले घेऊन दौडलेली डेक्कन हॉर्स १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तरच्या लढाईत शर्मन रणगाड्यांनी पॅटनशी भिडली. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर त्याच युद्धात धारातीर्थी पडले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. १६ डिसेंबर १९७१ रोजी त्याच पलटणीचा एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल बसंतरच्या लढाईत आपला पेटलेला रणगाडा सोडायला तयार झाला नाही. त्या रणगाड्याला नाव होते : 'फमागुस्ता'. घोडदळाची ही जुनी सवय. ज्याच्यावर बसून मरायचे त्याला नाव हवे.

पोलिसी घोड्याचे काय? मुंबई पोलिसांचे अश्वदल १९३२ मध्ये वाढत्या मोटारींमुळे बंद झाले. म्हणजे लंडनमध्ये ओल्गा आणि अपस्टार्ट काचांच्या पावसात उभे होते त्या वर्षी, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे दारूगोळ्याचे जहाज फुटले तेव्हा मुंबई पोलिसांकडे अश्वदल उरलेच नव्हते. २६ जानेवारी २०२० रोजी शिवाजी पार्कवरच्या संचलनात, ८८ वर्षांनी, मुंबई पोलिसांचे घोडे पुन्हा दिसले. समुद्रकिनारा आणि गर्दी यांसाठी उंचावर बसलेला पोलीस उपयोगी पडतो हे त्यामागचे कारण. लंडनने तर आपले पोलिसी अश्वदल कधी मोडलेच नाही.

भारतीय सैन्यात प्राण्यांचा गौरव अगदीच झाला नाही असे नाही. १९७१ च्या युद्धात शत्रूच्या हाती सापडून पुन्हा आपल्या ठाण्यावर चालत आलेल्या एका खेचराला पुढे 'पेडाँगी' हे नाव आणि मान मिळाला. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलातील 'विराट' या घोड्याला २०२२ मध्ये लष्करप्रमुखांचे प्रशस्तिपत्र मिळाले आणि त्याच वर्षीच्या प्रजासत्ताकदिनी तो निवृत्त झाला. आपल्या लोकरीतीत तर हा मान जुनाच आहे. दसऱ्याला शस्त्रांबरोबर घोड्याची पूजा होते. खंडोबा घोड्यावाचून पुरा होत नाही. आषाढी वारीच्या रिंगणात माउलींचा अश्व स्वाराविना धावतो आणि त्याच्या टापांखालची माती वारकरी कपाळाला लावतात. डिकिनबाईंना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. फरक इतकाच, की आपण अश्वजातीला वंदन केले. एकेका घोड्याचे नाव, तारीख आणि त्याने केलेले काम लिहून ठेवण्याची सवय मात्र आपल्याला फारशी लागली नाही. भातोडीच्या चिखलात आणि खर्ड्याच्या रणात जे घोडे उभे राहिले त्यांची नावे म्हणूनच आपल्यापाशी नाहीत. समाजमाध्यमांवर ऐतिहासिक पुरुषांच्या घोड्यांच्या नावांच्या लांबलचक याद्या फिरतात. तुमच्यापर्यंत अशी यादी आली तर पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला मूळ साधन विचारा.

फमागुस्ताचे नाव मात्र टिकले. तो रणगाडा दुरुस्त करून जतन केला आहे, आणि कुठे? नगरलाच, चिलखती दलाच्या केंद्रात. त्याचा क्रमांक जेएक्स २०२.